‘नशेत संमती दिली’ असं लिहिता येतं का?

एका ताईंनी विचारलं, बातमीत ‘दारूच्या नशेत तिने संमती दिली’ असं वाक्य होतं, तिथे संमती बरोबर की सहमती. ताई, माझ्या मते दोन्ही चूक.

संमती या शब्दातच मती आहे, मूळ धातू मन्, म्हणजे विचार करणे. सहमती म्हणजे मतं जुळणं, ते मीटिंगमधे ठीक. आता पिऊन मती गुंग झाली, नशेचा अंमल चढला असं आपणच म्हणतो ना, आणि अंमल म्हणजे सत्ता, अंमलबजावणीतला तोच शब्द, मग डोक्यावर सत्ता दारूची असताना होकार तिचा कसा धरायचा?

कायदाही तेच म्हणते. भारतीय न्याय संहितेचं कलम 63, म्हणजे 1 जुलै 2024 च्या आधीचं भारतीय दंड संहितेचं 375. नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय आन् त्याचा परिणाम काय, हे बाईला समजतच नसेल तर तो होकार मोजत नाहीत, तो बलात्कारच. दोन घोट घेतले की संमती बाद, असं मात्र नाही, समज होती का ते बघतात. मराठीत पिणे आणि पाजणे वेगळं आहे, पण इथे ती स्वतः प्यायली की आरोपीने पाजली, दोन्हीला हाच नियम. आणि तो स्वतःहून प्यायला असेल तर ‘मी शुद्धीत नव्हतो’ हे चालत नाही, कलम 24 त्याला जाण होती असंच धरते.

‘मौनं संमतिलक्षणम्’ पण इथे लावू नका, नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती होत नाही हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या पोलीस ठाण्यातलं 1972 चं मथुरा प्रकरण आठवा, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप होता, भीतीपोटी निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे हे हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने 1976 मधेच म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टात आरोपी सुटले, लोक पेटून उठले, मग 1983 मधे कायदा बदलला.

मी धंतोलीत एका पेपरात प्रुफं वाचायचो, तेव्हा असंच वाक्य आलं, ‘मद्यधुंद तरुणीशी संमतीने संबंध’. मी लाल पेनाने संमतीने खोडलं आणि बाजूला लिहिलं, कोण म्हणते? रिपोर्टरने सांगितलं, आरोपीचा वकील. मग छापलं ‘संमती होती असा आरोपीचा दावा’. ताई, तुमच्या वाक्यातही तेवढंच करा.