माळवदाच्या घरामागे मोकळ्या जागेत स्वतः स्ट्रक्चर उभं करून 3 किलोवॅट सोलर बसवता येईल का?

येतं की. बिनधास्त करा. तुम्ही लिहिलंय घर जुनं माळवदाचं आहे, मागे अर्धा गुंठा मोकळा पडलाय आणि वेंडर म्हणतोय आधी माळवद पाडून स्लॅब टाका मग सोलरचं बघू. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकत आलोय.

आमचं घर बार्शी तालुक्यात. सागवानी तुळया, वर माती, दर मिरगाच्या आधी वर जाऊन पांढरी माती पसरून धुम्मस करायचं, हे सगळं अजून चालू आहे. मे महिन्यात बाहेर 42-43 असतं तेव्हा आमची आई दुपारी आत घोंगडी टाकून पंख्याशिवाय झोपते. दाजींचं पिंपरीला बांधकामाचं काम आहे, माणूस मनाने चांगला, पण त्यांना माळवद दिसलं की पाडावंसं वाटतं. मी सोलरचा विषय काढला तर म्हणले, "पाडा हे, स्लॅब ओता, आणि मग वर काय पॅनल लावायचे ते लावा. जमिनीवर पॅनल असतात का कुठं, वावटळ आली की शेजारच्या रानात जाऊन पडतील." आता माळवदाला भोक पाडता येत नाही, वर वजन ठेवता येत नाही हे मलाही कळतं. पण 540 वॉटचे सहा पॅनल बसवायला लाखो रुपयांचा स्लॅब टाकायचा, हा कुठला हिशोब?

मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, त्यामुळे वायरिंगचं मला नवं काही नव्हतं. मी सगळा जीव स्ट्रक्चरच्या पायात, म्हणजे फाउंडेशनमध्ये घातला. तुम्हीही तेच करा, बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, पाया होत नाही.

वाऱ्याचा हिशोब असा. आयएस 875 म्हणून बांधकामावरच्या भाराचं भारतीय मानक आहे, त्याच्या तिसऱ्या भागात गावोगावचा वाऱ्याचा मूळ वेग दिलाय, पुणे-नाशिकला सेकंदाला 39 मीटर, मुंबई-नागपूरला 44. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केलं की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब येतो, 39 ला 910 च्या आसपास, म्हणजे जवळपास 90 किलो. पुढे उंचीचे, आजूबाजूच्या झाडाघरांचे गुणक लागतात पण घरच्या कामाला सरळ पूर्ण धरा. 540 चा एक पॅनल साधारण 2.28 मीटर बाय 1.13 मीटर, सहा पॅनलचं मिळून साडेपंधरा चौरस मीटर. गुणाकार करा, 1400 किलोचा जोर येतो. आणि सहा पॅनलचं स्वतःचं वजन 170 किलोच्या आसपास. पॅनलचं तोंड दक्षिणेला, पाठ उंच, त्यामुळे वारा उत्तरेकडून शिरला की खालून उचलतो. म्हणजे हे स्ट्रक्चर खाली बसेल का ही काळजीच करायची नाही, ते वर उपटणार नाही ही काळजी करायची. गेटचा खांब रोवतात तसा दीड फुटाचा खड्डा घेतला तर त्यात काँक्रीट बसतं सव्वादोनशे-अडीचशे किलो, तसे सहा केले तरी बेरीज कशीबशी 1400 ला टेकते.

आणि आमच्याकडची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, चैत्रात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीतला पाया दरवर्षी हलतो. म्हणून काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. आमच्याकडे तीन फुटांच्या आसपास मुरूम लागला, मी साडेतीन फूट घेतले, दीड बाय दीडचे, तळाला पोट थोडं रुंद काढून. काँक्रीटच एका खड्ड्यात पाचशे किलोच्या वर जातं, सहा खड्ड्यांत तीन टन. सिमेंटच्या दहा-अकरा गोण्या धरा. गवंड्याला हे पटत नव्हतं, तो म्हणत होता एवढ्यात दुसरा मजला चढतो. मी काठावर बसून राहिलो आणि फाउंडेशन बोल्टचं टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारी भोकांची पट्टी) स्वतःच्या हाताने धरलं, कारण बोल्ट दोन सूत सरकला तरी खांबाखालची बेस प्लेट बसत नाही आणि मग फॅब्रिकेटर गॅसने भोकं वाढवतो, तिथूनच गंज सुरू.

मागच्या वळवात आमच्या शिवेपलीकडच्या एकाचं कॉन्ट्रॅक्टरने बसवलेलं स्ट्रक्चर झोपलं. बघायला गेलो होतो. पाइप कुठेच तुटला नव्हता, वेल्डिंगही शाबूत. काँक्रीटचा गोळाच्या गोळा मातीसकट वर आला होता, दीड फुटाचाही नसेल, आणि खड्ड्याच्या कडेने बोटभर फट दिसत होती, म्हणजे माती आधीच सुटली होती, वाऱ्याने फक्त उचललं. आमचं जागचं हललं नाही. दाजी नंतर आले तेव्हा मागच्या खांबाला खांदा लावून त्यांनी बघितलं. मग म्हणले, "हां, पण गंजेल." म्हणजे वाऱ्याचा मुद्दा निकालात निघाला असं मी धरतो. गंजाचं म्हणाल तर साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड फासून भागवू नका, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं घ्या, साइटवर वेल्डिंग टाळा, सगळं नटबोल्टवर करा आणि जिथे कापाल तिथे लगेच झिंक स्प्रे मारा.

सहाही पॅनल एकाच ओळीत उभे लावा. साडेबावीस फूट लांब, सात फूट खोल जागा लागते, अर्ध्या गुंठ्यात आरामात बसतं आणि उंची कमी राहिल्याने वारा कमी लागतो. पुढची कड जमिनीपासून तीन फूट ठेवा, नाहीतर गवत वर येतं आणि शेळ्या उड्या मारतात. तरी कुंपण करावंच लागतं. उतार आपल्या अक्षांशाइतका, बार्शीला 18 अंश. दक्षिण बघायला मोबाइलचं होकायंत्र चालतं पण लोखंडाजवळ धरू नका. थंडीत सावलीवरून बघितलं तर अजून पक्कं, फक्त ठीक बाराला नाही, आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा होतात. निंबाची एक फांदी सकाळी कोपऱ्यावर सावली टाकत असेल तर ती आधी छाटा. सावली एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचं नुकसान होऊ शकतं. जवळ कारखाना असेल तर गळीत हंगामात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख पडते, दर आठवड्याला सकाळी पॅनल गार असताना धुवा. जमिनीवरच्या पॅनलचा हाच मोठा फायदा, आई पण पाइप धरून धुते, शिडी लागत नाही.

सबसिडीचं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार मिळतात, पण ती ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेल्या (ऑनग्रिड) सिस्टीमला आहे, नोंदणीकृत वेंडरकडून बसवावी लागते आणि पॅनल देशी सेलचे लागतात. सगळं आपल्या हाताने केलं तर ती विसरा. मी घेतली नाही, कारण आमच्याकडे संध्याकाळी लाइटच नसते आणि साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. मी बॅटरीवालं ऑफग्रिड केलं, लाइनला न जोडलेलं. तुमच्याकडे लाइट टिकत असेल आणि बिल जास्त येत असेल तर मात्र 78 हजार सोडू नका, महावितरणकडे रीतसर अर्ज करा. वेंडर स्लॅबच पाहिजे म्हणत असेल तर दुसरा वेंडर बघा, घर पाडू नका. पाडलेलं माळवद परत बांधून देणारी माणसं आता तालुक्यात राहिली नाहीत, हे मी दाजींना पण सांगितलंय.

खर्चाचा आकडा देत नाही, पॅनलचे भाव सारखे बदलतात, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आला. ताजं कोटेशन घ्या. 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, आषाढ-श्रावणात त्याच्या निम्म्याची तयारी ठेवा.

एक राहिलंच, आणि हे आधी लिहायला पाहिजे होतं. खड्डे, लोखंड, पॅनल चढवणं हे तुमचं तुम्ही करा, पण वायरिंगचा अनुभव नसेल तर ते लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. सहा पॅनल सिरीजमध्ये जोडले की 300 व्होल्टच्या आसपास डीसी होतो, थंडीच्या सकाळी अजून थोडा जास्त, आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की एसीसारखी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टर किती व्होल्टपर्यंत घेतो ते त्याच्या प्लेटवर बघून मगच स्ट्रिंग ठरवा. वायर कंड्युटमधून न्या, उंदीर कुरतडतात. स्ट्रक्चरला वेगळं अर्थिंग द्या. आणि उन्हात लोड चालू असताना एमसी4 कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग) कधीही ओढू नका, आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे डीसी तोडणारा स्विच पाडायचा, मगच हात लावायचा.