‘तुला यातून काय मिळतं?’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या स्वयंसेवक बायकांपैकी बहुतेकींनी हा प्रश्न घरात कधी ना कधी ऐकलेला असतो. नवरा विचारतो, सासूबाई विचारतात, कधी जुनी मैत्रीण विचारते. शनिवारी वस्तीत जाऊन मुलींचा अभ्यास घ्यायचा, त्यांच्या पालकसभेला बसायचं, पाळीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात सोबत जायचं, दहावीनंतर काय करायचं ते बोलायचं. हे सगळं बिनपगारी, भर उन्हात, स्वतःच्या पेट्रोलवर. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण प्रश्न झोंबतो, कारण उत्तर सापडत नाही, किंवा सापडलं तर सांगायची लाज वाटते.

ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांची या प्रश्नानं झोप उडाली होती. त्यांच्या परवानगीनं लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव द्यायला नको, मुली त्यांना ताई म्हणतात तेच इथे पुरे.

ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, वय ५८. मुलगा परदेशी. पुण्यातल्या एका वस्तीत संस्थेची अभ्यासिका चालते, तिथे त्या दर शनिवारी दोन तास जात. नववीतली एक मुलगी त्यांच्याकडे सोपवली होती. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वडील रिक्षा चालवणारे. मुलगी गणितात चलाख. दोन वर्षं ताईंनी तिच्यावर जीव लावला आणि दहावीला तिला ८६ टक्के मिळाले. ताईंनी अभ्यासिकेत पेढे वाटले. पंधरा दिवसांनी ती मुलगी म्हणाली, “ताई, मला आर्ट्सला जायचंय.”

त्या घरी आल्या आणि त्यानंतर दोन शनिवार वस्तीकडे फिरकल्या नाहीत. यजमान म्हणाले, “तरी मी सांगत होतो. तुला यातून काय मिळालं?” त्या माझ्यापुढे बसल्या तेव्हा रडून रडून आवाज बसला होता. म्हणाल्या, “मॅडम, मला त्या पोरीचा राग आलाय. ज्या अर्थी राग आला त्या अर्थी मी हे तिच्यासाठी करतच नव्हते. माझ्यासाठीच करत होते. मग ही सेवा कसली? सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलले, आणि मी एका आर्ट्सवरून घरी बसले.”

ही भीती मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे, की आता तिच्याकडे मी फार आदरानं बघते. जिला स्वतःच्या हेतूची शंका येते, ती सहसा कामाच्या बाबतीत प्रामाणिक असते. पण आपल्या मनात सेवेचं एक चित्र घट्ट बसलेलं आहे: देणाऱ्यानं काहीच मागायचं नाही, साधं समाधानही मोजायचं नाही. सावित्रीबाईंचं नाव आपण त्या चित्रासाठी वापरतो. मी ताईंना एवढंच म्हटलं, की १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या. लग्नानंतर जोतिरावांकडून त्या स्वतः शिकल्या होत्या आणि ते शिकणं अगदी ताजं होतं. आपल्या हाती नुकतंच आलेलं दुसरीच्या हाती द्यावंसं वाटणं, ही ओढ त्यात नसेलच असं आपण का धरून चालायचं?

ताई गप्प राहिल्या. मी त्यांना घरी एक काम दिलं. यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. लाज बाजूला ठेवून, खरं खरं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वहीचं पान आणलं. लिहिलं होतं: शनिवारी जेवण झाल्यावर साडी बदलताना घाई होते, ती घाई आवडते. कुणीतरी वाट बघतंय. बँकेत ३१ वर्षं लोक माझ्याकडे विचारायला यायचे, निवृत्तीनंतर कुणी काही विचारेना, इथे विचारतात. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलून झालं की घर फार मोठं वाटतं, अभ्यासिकेत तसं वाटत नाही.

वाचताना त्या मान खाली घालून होत्या, जणू कबुलीजबाब देत होत्या. मला मात्र त्यात लपवण्यासारखं काही दिसलं नाही. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञानं मध्यम वयाबद्दल लिहिलं आहे, की या वयात माणसाला पुढच्या पिढीला काही देऊन जाण्याची गरज वाटते, आणि ती भागली नाही तर आयुष्य साचल्यासारखं होतं. त्यानं गरज म्हटलं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. काही शिकायला मिळावं, स्वतःबद्दल बरं वाटावं, अशी स्वतःपुरती कारणं ज्यांच्याकडे भक्कम होती, ते काम जास्त काळ टिकवून होते. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, “नक्की?”

पण मला वाटलं, पानावर अजून काहीतरी यायचं राहिलंय. एकटेपणा घालवायला येणारी बाई मुलीनं आर्ट्स घेतलं म्हणून इतकी कोलमडत नाही. मी विचारलं, “सायन्सच का हवं होतं तुम्हाला?”

ते बाहेर यायला आणखी एक बैठक लागली. १९८३ साली ताई बारावी झाल्या. इंजिनिअरिंगला जातील इतके गुण होते. फॉर्म आणला होता. वडील म्हणाले, धाकट्या भावाला पुढे शिकवायचंय, दोघांचं झेपणार नाही. तो कोरा फॉर्म त्यांनी कितीतरी वर्षं कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. पुण्यात मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ मध्ये निघालं, तेव्हा ताई कडेवर मूल घेऊन बँकेत कॅशियर होत्या. बातमी वाचून त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

हे सांगता सांगता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, तिच्या अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा दुसरा भाग मीच भरला. माझ्या मोबाइलवर, माझ्या घरी बसून. दहाच्या दहा पसंत्या सायन्सच्या. तिला फक्त ओटीपी विचारला.”

मी काही बोलले नाही. बोलायची गरज उरली नव्हती.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे मला अनेक नात्यांत दिसतं. आपल्यालाही काही हवं असणं मुलीला जाचक होत नाही. आपल्याला काय हवंय हेच आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा ते तिच्या पाठीवर जाऊन बसतं. या मुली फार लवकर माणसं ओळखतात. कोण कशानं खूश होतं हे त्यांना घरात शिकावंच लागतं. मग त्या आपल्यालाही खूश ठेवतात आणि आपल्याला वाटतं, नातं छान चाललंय.

आणि दुसरी बाजूही आहे. मोठ्या माणसांना मुलींच्या सहवासात का यायचंय, हे आईवडिलांनी आणि संस्थेनं विचारलंच पाहिजे. चांगल्या माणसाला त्याचा अपमान वाटायला नको. पोलीस पडताळणी, बंद खोलीत एकटीला न भेटणं, घरी न सांगता भेटवस्तू किंवा मोबाइल न देणं हे नियम सगळ्यांना सारखे हवेत, मग ती निवृत्त शिक्षिका का असेना. ‘तिला माझ्याशिवाय कुणी नाही’ असं एखादी व्यक्ती म्हणायला लागली की मी सावध होते. आणि मुलींना १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ हवा.

ताईंच्या बाबतीत मला घाई होती ती त्या दोन चुकलेल्या शनिवारांची. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली अमेरिकेतल्या अशाच, स्वयंसेवक आणि मूल यांच्या जोड्यांवर लिहिलं होतं. ज्यांचं नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलं त्या मुलांचा आत्मविश्वास उलट घसरला होता. ताईंचं नातं दोन वर्षांचं, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण न सांगता गायब होणारं माणूस मुलीला काय सांगून जातं, ते कळायला आकडे लागत नाहीत. मी म्हटलं, “तुमचं मन पूर्ण शांत होईपर्यंत थांबू नका. या शनिवारी जा.”

त्या गेल्या. मुलीला म्हणाल्या, “तुझा फॉर्म मी भरला, ते चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं.” मुलगी म्हणाली, “तुम्ही खूश होतात, म्हणून बोलले नाही.” मग पहिल्यांदाच ताईंनी विचारलं, आर्ट्स घेऊन पुढे काय? उत्तर तयार होतं. पोलीस भरती. बारावी पास लागतं, मुलींना उंची १५५ सेंटीमीटर लागते आणि तिची १५८ होती, घराच्या भिंतीवर खूण करून मोजलेली. आर्ट्सला अभ्यास सांभाळून सकाळी मैदानावर जाता येईल. आणि हे का, तर वस्तीत रात्री एखादीला मारहाण झाली की कुणीच येत नाही. मोठी होऊन आपण यायचं, हे तिनं सातवीतच ठरवलं होतं. दोन वर्षांत ताईंना याचा पत्ता नव्हता.

वाईट वाटायचं थांबलं का? नाही. ताई म्हणाल्या, सायन्स गेल्याचं आतून अजून दुखतं. मी म्हटलं, दुखू दे, ते १९८३ चं दुखणं आहे, त्यासाठी तुम्ही माझ्याकडे येत राहा. आम्ही त्यावर पुढे बरेच महिने काम केलं. त्या आता शनिवारी अभ्यासिकेत जातातच, शिवाय रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभ्या असतात. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. यजमानांना काय उत्तर दिलं, असं मी एकदा विचारलं. “ते वहीचं पानच वाचायला दिलं,” म्हणाल्या. “वाचलं, घडी केली आणि चहा टाकायला उठले.”

मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. मुलगी आता बारावीत आहे, १८ पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे. आणि गावाकडून एक स्थळ आलं होतं. मुलीनं सगळ्यात आधी ताईंना फोन केला. ताईंनी विचारलं, “येऊन बोलू का बाबांशी? कायदा सांगू?” ती म्हणाली, “माझं मी बोलणार आहे. तुम्ही नुसत्या येऊन बसाल का?”

ताई दोन तास त्या खोलीत बसल्या होत्या. दोनदा चहा झाला. बोलणं सगळं मुलीनंच केलं.