फराळाच्या दुकानाचं डोमेन कोणाच्या नावावर?

प्रश्न : नौपाड्यात आमचं घरगुती मसाले आणि फराळाचं दुकान आहे, सासूबाईंनी सुरू केलेलं. ७ वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने आम्हाला डॉट कॉमची वेबसाइट करून दिली. तो दरवर्षी सांगतो तेवढे पैसे मी त्याला पाठवते. तो आता बंगळुरूला असतो आणि महिनाभर फोन उचलत नाही. चार दिवसांपूर्वी साइट उघडली, तर चकल्या-अनारशांच्या फोटोंच्या जागी 'डोमेनची मुदत संपली' अशी इंग्रजी पाटी! दिवाळीच्या ऑर्डरी आता सुरू होतील. आमचं नाव गेलं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, आधी धीर धरा. नाव, म्हणजे साइटचा पत्ता असलेलं डोमेन, अजून हातचं गेलेलं नसावं. डॉट कॉमची मुदत संपली म्हणून ते दुसऱ्या दिवशी कोणालाही मिळत नाही. मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत पैसे भरायला सवलत मिळू शकते. नेमके दिवस किती, हे नोंदणी करणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार ठरवतो. त्यानंतर ३० दिवस 'रिडेम्प्शन'चे. तेव्हाही नाव सोडवून घेता येतं, पण वर्षाच्या फीच्या कितीतरी पट दंड भरून. शेवटचे ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', त्यात कोणालाच काही करता येत नाही. मग जो आधी मागेल त्याचं नाव. तुम्हाला दिसलेली पाटी मुद्दाम लावलेली असते. डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियमच आहे की नाव खोडण्याआधी काही दिवस साइट बंद ठेवायची, म्हणजे मालकाच्या लक्षात येईल.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही-पेन घेऊन बसा. आयकॅनच्या 'लुकअप' पानावर तुमचं डोमेन टाका. लांबलचक इंग्रजी मजकूर येईल, घाबरू नका. 'रजिस्ट्रार' या शब्दापुढे कंपनीचं नाव असेल, ते उतरवून घ्या, कारण उद्या फोन तिथेच करायचाय. 'स्टेटस'समोर 'रिडेम्प्शन पीरियड' असं दिसलं तर उद्याची वाट बघू नका, त्याच रात्री त्यांना मेल टाका.

तारखेच्या ओळीत मात्र चांगले चांगले फसतात. डॉट कॉमची मुदत संपताच मूळ नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ती आपोआप एक वर्षाने पुढे सरकते, कोणी पैसे भरलेले नसले तरी. त्यामुळे 'रजिस्ट्री एक्स्पायरी' पुढच्या वर्षाची दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. सवलतीत पैसे आले नाहीत की रजिस्ट्रार नाव खोडतो. म्हणून 'रजिस्ट्रार एक्स्पायरी' अशी वेगळी ओळ असली तर ती बघा, नसली तर कंपनीलाच विचारा. वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर असतं. त्याचा अर्थ ही ग्रिनिचची वेळ आहे, आपली साडेपाच तास पुढे. १४ तारखेचे १८:४५ म्हणजे आपल्याकडे १५ तारीख उजाडून मध्यरात्रीचा सव्वा वाजलेला... नाही, सव्वाबारा. असा हिशेब मीही कागदावर मांडूनच करते.

आता मुख्य गोष्ट. दर वर्षी पैसे तुम्ही भरलेत, पण नोंद कोणाच्या नावाने आहे? 'रजिस्ट्रंट' म्हणून त्या मुलाचं नाव आणि त्याचाच ईमेल असेल, तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तो. विजेचं बिल आपण भरतो म्हणून फ्लॅट आपल्या नावावर होत नाही, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव लागतं. इथेही तसंच. त्या मुलाच्या मनात खोट असेल असं मला वाटत नाही. मी कोपरीत १६ वर्षं लहान दुकानदारांच्या साइट सांभाळते. निम्म्या वेळा हेच घडलेलं असतं: पोराने घाईत स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतलं आणि पुढे सगळेच विसरले.

तेव्हा भाच्याला मध्ये घाला, त्या मुलाच्या आईला फोन करा, गरज पडली तर तिच्या दारात जाऊन बसा. मागणं एकच: डोमेन आधी रिन्यू कर आणि मग त्याच कंपनीत माझ्या नावाने उघडलेल्या खात्यात सरकव. लगेच दुसऱ्या कंपनीकडे न्यायच्या भानगडीत पडू नका. मालकाचं नाव बदललं की बहुतेक ठिकाणी ६० दिवस डोमेन हलवता येत नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर हा घोळ नको. तो सापडलाच नाही, तर कंपनीला कळवा. काही रजिस्ट्रार कोणाकडूनही नूतनीकरणाचे पैसे घेतात. त्याने मालकी बदलणार नाही, पण नाव वाचेल. सोबत यूपीआयच्या पावत्या, जीएसटीचा दाखला, एफएसएसएआयचा परवाना, दुकानाचं नाव असलेलं जे जे असेल ते जोडा.

खातं हातात आल्यावर ईमेल कोणता द्यायचा, यात माझा एक डाग आहे. काही वर्षांपूर्वी एका हौशी नाट्यसंस्थेचं डोमेन मी घेऊन दिलं आणि संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा दिला, दिसायला छान म्हणून. डोमेनची मुदत संपली तेव्हा तो ईमेलही बंद पडला, त्यामुळे नंतर आलेली एकही सूचना कोणाला मिळाली नाही. आधीच्या सूचना वाचणारे गृहस्थ तोवर संस्था सोडून गेले होते. मला कळलं तेव्हा नाव परक्याने घेतलं होतं. छापून आलेले हँडबिलांचे गठ्ठे समोर ठेवून संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे नुसते बघत राहिले. ती नजर अजून आठवते. म्हणून सांगते, ईमेल दुसऱ्या ठिकाणचा द्या, आणि तो घरातल्या दोघांना उघडता आला पाहिजे.

---

प्रश्न : 'तुमचं डोमेन संपतंय, १८ हजार रुपये भरा' असं पत्र नेरुळच्या आमच्या क्लासच्या पत्त्यावर आलं. शिवाय 'तुमची माहिती तपासा' असा ईमेलही आलाय. दोन्ही फसवणूकच ना?
– एक शिक्षक, नेरुळ

उत्तर : पत्र फाडा. तुम्ही ज्या कंपनीकडून डोमेन घेतलंय ती सोडून दुसरी कोणी पैसे मागत असेल, तर ती तुम्हाला गंडवून डोमेन आपल्याकडे ओढू पाहतेय. २०१८ सालापर्यंत डोमेनधारकाचं नाव, पत्ता, फोन कोणालाही दिसायचा. युरोपच्या गोपनीयता कायद्यानंतर बरंच झाकलं गेलं, तरी जुन्या याद्या फिरताहेत.

ईमेलचं तसं नाही, तो खरा असू शकतो. तुमच्याकडे नोंदलेली माहिती बरोबर आहे का, हे रजिस्ट्रारने वर्षातून एकदा विचारायचं असतं. नवीन डोमेन घेतलं किंवा ईमेल बदलला, तर १५ दिवसांत पुष्टी करावी लागते. नाही केली तर चालू साइट बंद पडू शकते. वाशीच्या माझ्या एका ग्राहकाने असा ईमेल कचऱ्यात टाकला आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्याची साइट दिसेनाशी झाली. तुम्ही ईमेलमधल्या लिंकला हात लावू नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा. तिथे तीच सूचना असेल तर ईमेल खरा.

आणि तपासायला बसलातच तर पत्ता, फोन खरे भरा. काहीजण भीतीपोटी खोटे नंबर देतात. जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर तेवढ्यावरून डोमेन रद्द होऊ शकतं.

---

प्रश्न : आमच्या ऐरोलीच्या महिला बचत गटासाठी मराठीतून डोमेन मिळेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, जरूर घ्या. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतंय आणि मराठी त्यात आहे. डॉट इनप्रमाणेच त्याची नोंदवही निक्सी या संस्थेकडे असते. नोंदीत तुमचं नाव मराठीत न दिसता 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अक्षरांची रांग दिसेल. ती चूक नाही, संगणक ते नाव तसंच साठवतो. जोडीला एक रोमन लिपीतलं डोमेनही ठेवा, कारण बऱ्याच जागी ईमेलसाठी देवनागरी नाव अजून चालत नाही. डोमेन घेताना मालक म्हणून गटाचं नाव घाला. अध्यक्षबाई दोन वर्षांनी बदलतील.