वाचक विचारतात: पुरस्काराचा अर्ज भरायचाय, पण लिहायचं काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात) ऑफिस सांभाळते, म्हणजे बिलं, पगार, पत्रव्यवहार सगळंच. गेल्या वर्षभरात आमच्याकडे वीज बरीच वाचलीय म्हणून मालक म्हणाले, एका औद्योगिक संघटनेचा ऊर्जा बचतीचा पुरस्कार आहे त्याला अर्ज टाक. मी सुरुवात अशी केलीय, "आमची कंपनी गुणवत्तेशी तडजोड न करता पर्यावरणपूरक उत्पादनासाठी सदैव कटिबद्ध असून अत्याधुनिक तंत्रज्ञानाचा अवलंब करते." पुढं सुचतच नाही. वीजबिल कमी झालंय ते दाखवलं की पुरे का? भाषा भारी हवी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, पुढं सुचत नाही कारण त्या वाक्यात तुमच्या फाउंड्रीतलं काहीच नाहीये, तेच वाक्य इचलकरंजीच्या सूतगिरणीला लावा नाहीतर चाकणच्या प्रेस शॉपला, कुठंही बसेल. परीक्षकांसमोर अर्जांचा गठ्ठा असतो आणि निम्म्या अर्जांची सुरुवात अशीच असते. ते वाक्य काढून टाका.

आता वीजबिलाचं. नुसतं बिल कमी झालं हा पुरावा होत नाही, कारण ऑर्डर कमी आल्या, भट्टी कमी चालली तरी बिल कमीच येतं, आणि फाउंड्रीतला माणूस परीक्षक असेल तर तो पहिल्यांदा हेच विचारणार. म्हणून आकडा टनामागं द्या. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट लागतात, तुमचा आकडा त्यात कुठं होता आणि आता कुठं आलाय ते हीटच्या (एका वेळच्या वितळवणीच्या) लॉगबुकमधून काढा, भट्टीला वेगळा मीटर असेल तर फारच छान, नसेल तर तसं अर्जात सरळ लिहा. लपवू नका.

पण मला विचाराल तर याच्याही एक पायरी पुढं जा आणि चांगल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतून तयार झालेल्या मालाच्या, टनामागं आकडा काढा, वितळवलेल्या नाही, कारण रिजेक्शन (खराब निघून बाद होणारा माल) कमी केल्यानं जी वीज वाचते ती यातच दिसते. समजा महिन्याला 200 टन वितळवता, आधी टनाला 640 युनिट लागायचे आणि रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत राहणारा जास्तीचा धातू), रिजेक्शन वजा जाता 120 टन चांगला माल निघायचा, म्हणजे चांगल्या मालाच्या टनाला 1067 युनिट. आता 590 युनिट लागतात आणि तेवढ्याच धातूतून 126 टन माल निघतो, तर हाच आकडा 937 वर येतो. वितळवण्यातली बचत बघितली तर आठ टक्क्यांच्या आत आहे, चांगल्या मालावर बघितली तर बारा टक्के! दोन्ही आकडे द्या, कसे काढले ते एका ओळीत लिहा, आणि आधीचे बारा महिने नंतरच्या बारा महिन्यांशीच ताडा, सोयीचे तीन महिने निवडू नका.

आणि मग मुख्य गोष्ट, हे झालं कसं. इथं ऑफिसात बसून चालणार नाही, वही घेऊन भट्टीवर जा, मेल्टिंगच्या माणसाला विचारा की वर्षभरात काय बदललं. तो तुम्हाला "अत्याधुनिक तंत्रज्ञान" वगैरे सांगणार नाही, तो सांगेल की पूर्वी वाळू चिकटलेले रनर-रायझर तसेच चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, पडायचे, त्या वाळूचा स्लॅग (मळी) व्हायचा, तो तापवायला वीज जायची आणि काढायला झाकण उघडं ठेवून उभं राहावं लागायचं, तेवढ्या वेळात उष्णता वर निघून जायची. आता शॉट ब्लास्ट करूनच, म्हणजे बारीक छरे मारून साफ करूनच, माल चार्जला जातो. किंवा सांगेल की मोल्ड (साचे) तयार नसायचे म्हणून धातू भट्टीत ताटकळत ठेवावा लागायचा, आता मोल्डिंगचा सुपरवायझर तयार आहे म्हणाला की मगच पुढची हीट लावतात. हेच लिहा, जवळपास त्याच्याच शब्दांत. तुमचं पहिलं वाक्य असं होऊ शकतं: "आमच्याकडे भट्टीत जाणाऱ्या रिटर्न मालाला (परत वितळवायच्या तुकड्यांना) वाळू चिकटलेली असायची, ती साफ करूनच चार्ज करायला सुरुवात केल्यापासून टनामागं इतके युनिट वाचले." भाषा साधीच आहे, पण वाचणाऱ्याला भट्टी दिसते.

हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरचं पण विचारा हं. हवेच्या गळत्या बंद केल्या आणि प्रेशर एक बारनं उतरवलं तरी कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्के कमी होते, बऱ्याच ठिकाणी हे केलेलं असतं आणि ऑफिसला पत्ताच नसतो. मात्र सगळंच अर्जात कोंबू नका, एक मोठं काम नीट सांगा, बाकीची दोन ओळींत.

खर्च किती आला, किती महिन्यांत वसूल झाला तेही लिहा. आणि जे जमलं नाही तेसुद्धा, एखादा उपाय करून बघितला आणि सोडून दिला असेल तर का सोडला ते लिहिलं की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

एक विनंती मात्र मनापासून. ज्यांनी हे केलं त्यांची नावं, त्यांना विचारून, अर्जात घाला. रिटर्न साफ करूनच टाकायचे ही कल्पना भट्टीवरच्या कामगाराची असेल आणि अर्जात फक्त "व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीमुळे" असं गेलं तर ते त्याच्यावर अन्यायाचं आहे, आणि परीक्षक कारखाना बघायला आले तर उत्तरं त्यालाच द्यायची आहेत. मालकांना हे समजावून सांगा, ऐकतील.

यंदा काही मिळालं नाही तरी ही फाइल जपून ठेवा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाचे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार 1991 पासून आहेत, 14 डिसेंबरला देतात, तिथंही उत्पादन आणि वीज वापराचा हिशोबच मांडावा लागतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या पॅटर्नमेकर (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्या) काकांचं नाव कामगार पुरस्कारासाठी सुचवायचंय. ते म्हणतात माझ्याबद्दल काय लिहिणार. कसं लिहू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्यांच्या हातचा एक पॅटर्न निवडा आणि त्याबद्दलच लिहा, कुठल्या कास्टिंगचा होता, अडचण काय होती, त्यांनी काय बदललं, रिजेक्शन किती उतरलं. त्यांच्या हाताखाली कोण कोण शिकलं आणि ती मुलं आज कुठं काम करतात हे विचारून घ्या, त्यातल्या दोघांची पत्रं जोडा. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या पुरस्कारासाठी पाठवणार असाल तर कारखान्याबाहेरचं कामही धरतात, तेव्हा रक्तदान, भजनी मंडळ, पतसंस्था असं काही असेल तर तेही कागदासह द्या. ते स्वतः काही सांगणार नाहीत असं दिसतंय, तर काकूंना विचारा.