अल्सासला पहिल्यांदा जाताय? एवढं बघा

फ्रान्समधलं अल्सास निवडलंत, मस्त! पण तीन दिवसांत 170 किमीचा अख्खा वाईन रूट (द्राक्षमळ्यांच्या गावांतून जाणारा रस्ता) करायचा प्लॅन सोडा, सुरुवातीला सगळे हीच चूक करतात, मीही केली, नंतर कुठलं गाव कुठलं तेच आठवेना.

- मुक्काम कोलमारला, दिवसाला दोनच गावं. एगिसहाइम सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.
- उनाविर गावचं तटबंदीवालं चर्च चुकवू नकाच, चहूबाजूंनी द्राक्षमळे, आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट दोघांची प्रार्थना शेकडो वर्षं त्याच एका चर्चमध्ये होते, तिथे निवांत बसा थोडा वेळ.
- ओ-कोनिग्सबुर्ग किल्ला आज दिसतो तो 1900 ते 1908 मध्ये पुन्हा उभारलेला, तरी बघाच.
- दुपारी बारा ते दोन बऱ्याच वाईनरी बंद असतात.
- वाईन टेस्टिंग करणाऱ्याने गाडी चालवायची नाही.

वाईनच्या जाती वगैरे नंतर बघू, आधी हॉटेल बुक करा.