आई-वडील मोठ्या घरात दोघंच राहतात आणि आम्हाला फ्लॅट परवडत नाही. त्यांना घर विकायला कसं सांगावं?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की जळगावला ३० बाय ५० च्या प्लॉटवर १९८९ सालचं बैठं घर आहे, सहा खोल्या, वर मोकळी गच्ची. आई-वडील सत्तरीच्या पुढचे. तुम्ही दोघं भाड्याने राहता आणि बरा फ्लॅट ४० लाखांच्या खाली नाही. शेवटी विचारलंय, "म्हातारी माणसं मोठी घरं अडवून बसतात म्हणूनच तरुणांना घर मिळत नाही, हे खरं ना?"

खरं नाही. निदान आपल्या खान्देशात तरी नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावाबाहेर चक्कर मारा. लेआउट पाडलेले, चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, मधे काटेरी बाभळी. भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेले प्लॉट. जुन्या कॉलन्यांत कुलूप लावलेली घरं, मालक पुण्याला नाहीतर सुरतेला. घरं अडली आहेत ती तिथे. तुमच्या आप्पांनी घर विकलं तर त्या जागी स्वस्त घर उभं राहणार नाही. बिल्डर तीन मजले चढवेल आणि चालू भावानेच विकेल. आप्पांच्या हातात पैसे येतील, त्यातून दलाली आणि नव्या जागेचा मुद्रांक जाईल, आणि पंचाहत्तरीत ते अशा गल्लीत राहायला जातील जिथे दूधवालाही ओळखत नाही.

म्हणून घर मागू नका, गच्ची मागा. नकाशे काढणं, मोजमाप घेणं आणि त्यामागून येणारे कागद सांभाळणं हेच माझं काम आहे. अशा घरांत "विका" म्हणणारे मला रोज भेटतात. गच्चीचा हिशेब करून आलेला क्वचितच.

हिशेब असा. ४० लाखांचा फ्लॅट, ८ लाख पदरचे, ३२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं: हप्ता २७,७७० च्या आसपास. वर महापालिका हद्दीत मुद्रांक ६ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार (बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट) आणि नोंदणी फी ३० हजार. त्याच व्याजाने १४ लाख १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १३,८०० च्या आत बसतो. १४ लाख हा आकडा हवेतला नाही. तुमच्यासारख्याच एका घराचं ते अंदाजपत्रक होतं आणि त्या घराचं काम सविस्तर सांगतो, कारण चुका कुठे होतात ते त्यात सगळं दिसतं.

घर भार-भिंतींचं, म्हणजे कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब. गच्ची साडेनऊशे चौरस फूट. ठेकेदार म्हणाला, "भिंती दणकट आहेत, वर चढवून देतो." दणकट भिंतीला काय विचारता, पायाला विचारा. दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. दगडी पाया तीन फुटांवर संपला होता आणि खाली काळी माती. मुरूम, म्हणजे पाया टेकवण्याजोगा घट्ट थर, लागला पाच फुटांवर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया दर वर्षी थोडा वर-खाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते ती यानेच. असल्या पायावर दुसरा मजला ठेवायचा नाही.

मग वरच्या मजल्याचा भार जुन्या भिंतींना लागूच द्यायचा नाही असं ठरलं. २० बाय ३० फुटांचं, म्हणजे ६०० चौरस फुटांचं बांधकाम, ९ बाय १२ इंचाचे नऊ कॉलम. मधला एक स्वयंपाकघराच्या भिंतीत घेतला. फुटिंग, म्हणजे कॉलमचा जमिनीतला रुंद पाया, चार बाय चार फूट, साडेपाच फूट खोल, मुरुमात. खड्डे एकाआड एक खणायचे, एक भरून कॉलम जोत्याच्या वर आल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही, हे नकाशावर लिहून दिलं होतं. ठेकेदाराने मजूर रिकामे बसू नयेत म्हणून एकाच भिंतीलगत तीन खड्डे एका दिवशी उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या खिडकीखाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंद भेग. दोन खड्डे लगेच भरून दाबावे लागले, भिंतीला टेकू द्यावे लागले, आठवडा गेला. तुमचा ठेकेदार ओळखीतला असला तरी हे एक वाक्य करारात घाला.

गच्चीवर पाणी अडवायला घातलेला चार इंचाचा विटा-चुन्याचा थर, म्हणजे कोबा होता. तो काढला. चौरस मीटरला जवळजवळ १९० किलो वजन उतरलं, आणि तेवढ्याने जुन्या स्लॅबला वरच्या माणसा-सामानाचं ओझं पेलणं सोपं झालं. जुन्या स्लॅबच्या वर नवे बीम घेतले आणि मधे एक इंच थर्माकोल ठेवला, नाहीतर बीम वाकला की भार पुन्हा खालच्या भिंतीवर येतो. वरच्या भिंती सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं वजन. वरचा पाच इंची स्लॅब ६०० चौरस फुटांचा: एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने सिमेंट ५७ गोण्या, लोखंड ५५० ते ६०० किलो. यापेक्षा फार जास्त गोण्या मागितल्या तर विचारा कुठे गेल्या. संडास-बाथरूम खालच्याच्या बरोबर वर, म्हणजे पाईप सरळ खाली उतरतो आणि गळलं तर खालच्या मोरीत गळतं, आईच्या देवघरात नाही.

जिना बाहेरून. साडेदहा फुटांची उंची, सात इंचाच्या १८ पायऱ्या, पाऊल दहा इंचाचं, रुंदी तीन फूट. जिन्याला वेगळं फाटक. या फाटकावर मी अडून बसतो. सून कामावरून रात्री नऊला आली तर तिला सासूच्या हॉलमधून जावं लागू नये आणि सासूला दार उघडायला उठावं लागू नये. वीजमंडळाकडून दुसरं मीटर मिळवायलाही स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर दाखवावं लागतं. मीटर वेगळं झालं की दोन्ही घरांचे युनिट खालच्या टप्प्यात राहतात.

त्या घरात काम अडलं ते मात्र पैशावर नाही, पायावर नाही. आईने विचारलं, बिबडे कुठे वाळवू? चैत्रात ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड, शेजारच्या चार बायका, सगळं त्या गच्चीवर. मुलाला वाटलं ही सबब आहे. सबब नव्हती, तिच्या वर्षातले ते पंधरा दिवस होते. पूर्वेकडची साडेतीनशे चौरस फूट गच्ची मोकळी सोडली आणि नकाशा त्याच दिवशी ठरला. मोकळी गच्ची आणि नव्या भिंतीच्या सांध्याला मात्र सहा इंच उंच वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार, घ्या आणि दाराचा उंबरठा त्याच्या वर ठेवा, पहिल्या पावसात पाणी तिथूनच आत येतं.

वडिलांना काय मिळालं? मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब तापायचा, तो आता वरच्या मजल्याच्या सावलीत आला. तापणारं छत मुलाच्या वाट्याला गेलं, म्हणून त्यावर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या चिनी टाइलांचा थर) आणि पश्चिमेला जिना व बाथरूम ठेवलं, झोपायच्या खोल्या नाही. त्याच खर्चात खाली बाथरूमचा उंबरा काढला, दार ३२ इंच केलं, कमोडजवळ भिंतीत धरायचा दांडा बसवला. मजूर आणि सिमेंट घरात असतानाच हे करून घ्या. नंतर त्या एका दांड्यासाठी कोणी येत नाही.

आता कागद. इथे माझं माझ्याच धंद्यातल्या लोकांशी वर्षानुवर्षं वाजतं. दस्त लिहिणारे सांगतात, "बक्षीसपत्र करून टाका, मुलाला दोनशे रुपयांच्या मुद्रांकात होतं." होतं, राहत्या घराला होतं, स्थानिक अधिभार काय लागेल तो वेगळा. पण नोंदलेलं बक्षीसपत्र बापाला मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. घर गेलं ते गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करून दस्त रद्द करता येतो, पण सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हेच सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने लावा असं म्हटलं आणि आईचं दानपत्र रद्द केलं, पण तिथेही मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. आणि दोनशे रुपयांचा दस्त लिहिणारा ती अट आपणहून घालत नाही.

माझं मत सरळ आहे: जिवंतपणी घर मुलाच्या नावावर करू नये. करायचंच असेल तर दस्तात हे वाक्य हवं: "लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नीस हयातभर सदर मिळकतीत राहू द्यावे, अन्न, वस्त्र, औषधोपचार द्यावेत, न दिल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे." हयातीपर्यंत राहण्याचा हक्क वेगळ्या कलमात पुन्हा लिहा. एका आजोबांनी अहिराणीत एवढंच सांगितलं, "मी शे तवलोंग घर मना नाववरच." म्हणजे मी आहे तोवर घर माझ्याच नावावर. ते बरोबर होते.

नाव न बदलण्यात मुलाचाही फायदा आहे, हे कोणी सांगत नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाचं अनुदान १ लाख ८० हजारांपर्यंत आहे. उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाच्या बापाचं घर त्यात धरत नाहीत. बक्षीसपत्राने ते तुमच्या नावावर आलं की तो दरवाजा बंद. गच्ची नाही जमली आणि पुढे लहान फ्लॅट घ्यायची वेळ आली तर तुम्हाला हे लागेल.

मुलाची जोखीमही सांगायला हवी. बापाच्या गच्चीवर १४ लाख घातले तरी तो मजला बापाचाच. मृत्युपत्राशिवाय वडील गेले तर आई, भाऊ, बहिणी, सगळ्यांना सारखा हिस्सा, वरच्या मजल्यातही. म्हणून वडिलांनी मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदार, ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. त्यात वरचा मजला कोणी, किती खर्चून बांधला हे लिहा, आणि बहिणीला आधी सांगा. तिला वकिलाच्या नोटिशीतून कळलं तर ती कोर्टात जाणारच. पैसे बँकेतूनच द्या, बिलं तुमच्या नावाने घ्या. मृत्युपत्र वडील कधीही बदलू शकतात, ही जोखीम उरतेच.

कर्जासाठी बँक वडिलांना सहकर्जदार करेल, कारण तारण त्यांचं आहे. तुम्ही हप्ते थकवले तर घर त्यांचं जाईल. नोकरी डळमळीत असेल तर हे करूच नका. आणि मालक तुम्ही नसल्याने व्याजाची आयकरातली वजावट तुम्हाला मिळत नाही.

हे सगळं वडिलांच्या स्वकष्टार्जित घरापुरतं आहे. घर वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्राने सगळं देता येत नाही, मुलींचा जन्मसिद्ध हक्क आहे. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा नाही. आधी सनद किंवा मिळकत पत्रिका काढा, नाहीतर बँक दारात उभं करणार नाही. धाब्याचं घर असेल तर वर काही चढवू नका. लाकडी खांब आणि कडीपाटावर वर्षानुवर्षं माती टाकून आधीच नऊ ते बारा इंचांचा थर झालेला असतो, तो पाच इंची स्लॅबपेक्षाही जड भरतो. रावेर, यावल, चोपड्याकडे तापीच्या गाळात मुरूम पाच फुटांवर सापडत नाही, तिथे पायाचा प्रकारच वेगळा घ्यावा लागतो. आणि मूळ घराचा मंजूर नकाशा नसेल तर वाढीव मजल्याची परवानगी मागण्याआधी तेच नियमित करून घ्यावं लागेल, त्यात महिने जातात.

सुरुवात खड्ड्यापासून करा. पावसाळ्याआधी, दोन कोपऱ्यांत, अडीच बाय अडीच फुटांचे. पहिला मोरीच्या बाजूला घ्या, कारण सांडपाणी मुरून पाया तिथेच आधी खचलेला असतो. दगड कुठे संपला आणि मुरूम किती फुटांवर लागला ते इथे लिहा, मग कॉलमचं बघू.