टॅलस मोडल्यावर पुन्हा पळता येतं का? माझा अडीच वर्षांचा हिशेब

तुम्ही लिहिलंय की वय चौतीस, रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर पळायचात, बाईकवरून पडून घोट्यातलं टॅलस नावाचं हाड मानेपाशी, म्हणजे त्या हाडाच्याच निमुळत्या भागात, मोडलं. स्क्रू टाकून तीन आठवडे झालेत आणि डॉक्टर म्हणतात, तीन महिने पाय टेकवायचा नाही. पुन्हा पळता येईल का आणि तोवर दिवस कसे काढायचे, असा तुमचा प्रश्न.

आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. मी पळतो. सपाट रस्त्यावर, पाच किलोमीटर, आठवड्यातून तीनदा आणि पहिल्यापेक्षा बरंच हळू. नांगरलेल्या रानातून पळत नाही, उंचावरून उडी मारत नाही. इथवर यायला दीड वर्ष लागलं. मी डॉक्टर नाही, परभणी जिल्ह्यात एका शाळेवर खेळाचा शिक्षक आहे, पोरींना खो-खो शिकवतो. त्यामुळं हे सगळं एका पायाचा अनुभव म्हणून वाचा.

आमच्याकडं जुन्या बारवा पुष्कळ. वालूरची गोल फिरत खाली उतरणारी बारव तुम्ही फोटोत पाहिली असेल. तिच्याइतकी देखणी नसलेली, गाळानं बुजलेली एक बारव आम्ही एप्रिलमध्ये दर रविवारी श्रमदानातून उपसत होतो. खालच्या टप्प्यापाशी पायऱ्या ढासळलेल्या, म्हणून सगळे शिडीनं उतरायचे. मी खेळाचा मास्तर, मला कशाला लागते शिडी? सहा-सात फुटांवरून उडी मारली. गाळ मऊच होता, पण डाव्या चवड्याखाली एक चिरा गाडलेला होता. टाच गाळात गेली, चवडा चिऱ्यावर अडला आणि पाऊल नडगीकडं दुमडलं. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. मी वर बघितलं, घमेली द्यायला उभी असलेली माणसं सगळी गप्प. त्यांनीही ऐकला होता.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे न काढताच ‘मुरगळलंय’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी घोटा कोहळ्याएवढा झाला आणि कातडीवर पाण्याचे फोड. मग परभणीत एक्स-रे, सीटी स्कॅन आणि पुढं छत्रपती संभाजीनगर. तिथं भूल देऊन सांधा आधी जागेवर बसवला, सूज आणि फोड उतरल्यावर नवव्या दिवशी दोन स्क्रू टाकले.

आता तीन महिने कशासाठी, ते समजून घ्या. मला ते समजलं नसतं तर मी पाचव्या आठवड्यातच पाय टेकवला असता. टॅलस म्हणजे नडगी आणि टाच यांच्या मधलं हाड. अंगाचं सगळं ओझं नडगीतून त्याच्यावर येतं, तिथून टाचेकडं आणि चवड्याकडं जातं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि निम्म्याहून जास्त भाग सांध्याच्या कुर्चेनं, म्हणजे गुळगुळीत आवरणानं, झाकलेला असतो. म्हणजे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. त्यातल्या महत्त्वाच्या वाहिन्या मानेच्या बाजूनं शिरतात आणि हाड मोडतं नेमकं मानेला. पहिल्या महायुद्धात विमानं आदळली की वैमानिकांच्या पायाखालचा दांडा तळव्यावर धडकायचा आणि हेच हाड मोडायचं. १९१९ मध्ये अँडरसन नावाच्या ब्रिटिश सर्जननं त्याला वैमानिकांचं टॅलस अशा अर्थाचं नाव दिलं. आमच्या बारवेतल्या चिऱ्यानं तेच काम केलं.

रक्त तुटलं तर हाडाचा वरचा घुमट मरू शकतो आणि पुढं खचू शकतो. हॉकिन्स नावाच्या सर्जननं १९७० मध्ये या मोडीचे प्रकार पाडले, तुमच्या कागदावर तो प्रकाराचा आकडा असेल. माझा दुसरा प्रकार होता, म्हणजे तुकडा सरकलेला आणि खालचा सांधा निसटलेला. अशात हाड मरण्याची शक्यता जुन्या पुस्तकांत वीस ते पन्नास टक्के दिलेली असते. पहिल्या प्रकारात ती बरीच कमी, तिसऱ्यात बरीच जास्त. आणि एक गैरसमज माझाही होता, तो काढून टाका. पाय टेकवल्यानं रक्त थांबतं असं नाही. पण न जुळलेलं हाड भाराखाली सरकतं, स्क्रू वाकतो, आणि मग सगळं पहिल्यापासून. काही सर्जन लवकर टेकवायला देतात, काही उशिरा. ज्यानं आत बघितलंय त्याचं ऐका, माझं नाही.

सहा ते आठ आठवड्यांच्या मधे तुमचा एक्स-रे होईल. त्या दिवशी एक गोष्ट विचारायला विसरू नका. माझ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोपणानं दाखवलं. टॅलसच्या घुमटाखाली, वरच्या कडेला धरून, एक बारीक काळसर रेघ गेली होती. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं हाड विरघळायलंय. डॉक्टर हसले. पाय बरेच दिवस वापरला नाही की हाडातला चुना रक्तावाटे निघून जातो आणि हाड विरळ दिसतं. मेलेल्या हाडातून तो कसा जाईल? तिथं रक्तच नाही. म्हणजे जेवढं हाड विरळ झालंय, तेवढा भाग जिवंत आहे. माझी रेघ आतल्या बाजूनं दोन तृतीयांश होती, बाहेरच्या बाजूला दिसत नव्हती, म्हणून पुढं एमआरआय केला. टायटॅनियमचे स्क्रू असतील तर तो करता येतो. रेघ नाही दिसली म्हणून लगेच हात-पाय गाळू नका, ती उशिराही दिसते.

आता दिवस काढण्याचं. दुखणं पहिल्या दोन आठवड्यांतच बरंचसं सरलं. खरा छळ बाकीच्याचा. आमचा संडास देशी पद्धतीचा. खुर्चीला मधे भोक असलेला कमोड आणला, तेव्हा कुठं माणसात आलो. मे महिन्यात परभणीचं ऊन त्रेचाळीसच्या पुढं, दुपारी लाईट जायची आणि पायाच्या प्लास्टरच्या स्लॅबच्या आत खाज. मी एकदा स्वेटरची सुई घातली. घालू नका, टाक्याजवळ चरे पडले आणि आठ दिवस अँटिबायोटिक खावं लागलं. मग जून आला. काळ्या रानाचा पाऊस म्हणजे काय हे कुबड्या घेतल्याशिवाय कळत नाही. कुबडीच्या रबरी बुचाला चिखल असा चिकटतो की प्रत्येक पावलागणिक ती जड होते आणि फरशीवर आली की बर्फावर ठेवल्यागत सटकते. बायको दारात जुनं पोतं आणि पाण्याची बादली ठेवायची. आधी बुचं धुवायची, मगच उंबरा ओलांडायचा. तुमच्या घरी कुणी नसेल तर हे काम शेजारच्या पोराला लावा, लाजू नका.

पाय खाली सोडला की जांभळा पडतो, भरून येतो, तुम्ही घाबरला असाल. वर घेतला की उतरत असेल तर ते चालतं. दोन लोड आणि एक गादी लावून पाय छातीच्या वर ठेवा. पण पोटरी दगडासारखी होऊन दुखायला लागली, दम लागला, जखम वाहू लागली किंवा नुसतं पांघरूण लागलं तरी आग व्हायला लागली, तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन.

पाहुण्यांचं वेगळंच. ‘कसं करायलास रं आता?’ म्हणून येतात आणि प्रत्येकाकडं एक हाडवैद्य असतो. मामांनी तर जीप आणून दारात उभी केली, चल, चोळून दोन दिवसांत उभा करतो म्हणाले. स्क्रू टाकलेला पाय चोळू द्यायचा नाही, हे मला आईच्या तोंडून वदवून घ्यावं लागलं, कारण मामा फक्त तिचंच ऐकतात. डिंकाचे लाडू, पायाचं सूप, हळदीचं दूध यांना मी नाही म्हटलं नाही. त्यांनी हाड लवकर जुळतं असं मी म्हणणार नाही, पण अंडी, डाळ, दूध पोटात जायला हवंच, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आमच्या भागात एवढं ऊन असून माझं कमी निघालं.

एक गोष्ट मात्र नडते. तंबाखू. मी शाळा सुटल्यावर चुना लावून मळायचो, दिवसाला दोन पुड्या. डॉक्टरांनी स्पष्टच विचारलं, ‘हाड पाहिजे का पुडी?’ निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि या हाडाला आधीच रक्ताचा दुष्काळ. सुटली माझी, पण सहज नाही. चुन्याची डबी दोन महिने उशाखाली होती. तुम्ही ओढत किंवा खात नसाल तर हा परिच्छेद सोडा.

टाके सुकल्यावर डॉक्टरांनी घोटा हलवायची परवानगी दिली. टेकवायचा नाही, फक्त हलवायचा. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा. त्यांच्या तक्त्यावर इंग्रजी होती, मी बाराखडी घेतली. पहिल्या दिवशी ‘ग’ जमला, कारण त्यात जास्त करून सरळ दांडेच. ‘ळ’ काही केल्या वळेना. पाऊल वरखाली होत होतं, पण आतबाहेर वळतच नव्हतं. पुढच्या सगळ्या गोष्टीची खूण त्या ‘ळ’मध्येच होती, मला तेव्हा कळलं नाही. दरम्यान बाकीचं शरीर रिकामं ठेवू नका. डंबेल्स, पोटाचे व्यायाम, चांगल्या पायाच्या एकेरी बैठका आणि मोडलेला पाय सरळ ठेवून मांडी उचलणं. हे मी रोज पाऊण तास केलं. तरी टेपनं मोजली तर डावी पोटरी तीन सेंटिमीटर बारीक झालेली.

बाराव्या आठवड्यात भार टाकायला सांगितला, पण थोडा थोडा. दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? आमच्या चुलतभावाची मोंढ्यात आडत आहे. त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आला कामी. चांगला पाय काट्याच्या बाहेर, डावा पाय काट्यावर, दोन्ही हातांत कुबड्या, आणि आकडा दहा दाखवेपर्यंत दाबायचं. हमाल थांबून बघायचे. डोळे मिटून दाबायचं, मग उघडून आकडा बघायचा. चार दिवसांत अंदाज बसला. पुढच्या आठवड्यात वीस, मग तीस. ज्या दिवशी काट्यानं माझं अख्खं वजन दाखवलं, त्या दिवशी एक हमाल म्हणाला, ‘मास्तर, आता भरा पोत्यात.’

कुबड्या सुटल्या त्या पोळ्याच्या सुमाराला. सायकल पाचव्या महिन्यात. मोटारसायकल सहाव्या महिन्यात, कारण डावा पाय म्हणजे गिअरचा. तुमचा उजवा असेल तर तो ब्रेकचा पाय, तिथं जास्त थांबा. पळण्याआधी ताईंनी मला तीन गोष्टी करून दाखवायला लावल्या. अर्धा तास न लंगडता झपझप चालणं, एका पायावर तीस सेकंद तोल, आणि एका पायावर वीस वेळा टाच उचलणं. टाच उचलायलाच मला अकरा महिने लागले. सकाळी दात घासताना एका पायावर उभा राहायचो, अजूनही राहतो. त्यानंतर एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, तेही विद्यापीठाच्या आवारातल्या सपाट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सूज आली की आठवडाभर मागं.

आता ‘ळ’ची गोष्ट. आपण घोटा म्हणतो ते दोन सांधे आहेत. वरचा पाऊल वरखाली करतो. टॅलस आणि टाचेच्या मधला खालचा पाऊल आतबाहेर वळवतो, वाकड्या-तिकड्या जमिनीशी जुळवून घेतो. माझा वरचा बराचसा परत आला. खालचा निम्माच आला, आणि त्यात आता सांधा झिजायला लागल्याचं गेल्या एक्स-रेत दिसलं. म्हणून डांबरी रस्त्यावर मी ठीक आहे आणि ढेकळांत अडखळतो. जिना उतरताना सकाळची पहिली चार पावलं आजही कडक असतात. खो-खोत चौकोनात उकिडवं बसून खो मिळताच उठायचं, ते मला दाखवता येत नाही, टाच वर उचलते. नववीतली एक पोरगी दाखवते आणि मी शिट्टी मारतो. पहिल्या वर्षी याचं फार लागायचं. आता तिची उठण्याची चपळाई बघताना माझ्या कधीच लक्षात न आलेल्या चुका दिसतात.

त्यामुळं पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘कधी पळू’ हे विचारू नका. ‘खालच्या सांध्याचा पृष्ठभाग सीटीत कसा दिसला, त्यात उंच-सखल पायरी राहिली का’ हे विचारा. तुमच्या पळण्याचा अंदाज त्या उत्तरातून येईल. सांधा नीट बसला असेल आणि हाड जिवंत असेल, तर चौतिसाव्या वर्षी तुमची स्थिती माझ्या एक्केचाळिसाव्यापेक्षा चांगली असायला हरकत नाही. हाड खचायचं असेल तर ते दोन वर्षांपर्यंतही खचू शकतं, म्हणून बरं वाटायला लागलं तरी एक्स-रेच्या तारखा चुकवू नका.

ताईंना मी एकदा वैतागून विचारलं होतं, होईल ना हो हे? त्या आमच्याच गावच्या. म्हणाल्या, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ आणि पुन्हा ‘ळ’ काढायला लावला.

सहाव्या आठवड्याचा एक्स-रे झाला की काळी रेघ दिसली का, ते इथंच खाली लिहा. मी बघत असतो.